चाक तापतंय, ब्रेक धरून ठेवतोय: पॅड बदलण्याआधी निपल सोडून बघा

कसारा घाट किंवा वणीचा गड उतरल्यावर करपल्याचा वास आला, म्हणजे ब्रेक बिघडलाच असं नाही. गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून नुसती ब्रेकवर उतरवली की चारही चाकं तापणारच, पुढची जास्त. तपासणी सपाट रस्त्यावर करा. पहाटे आडगावहून ओझरकडे आठ-दहा किलोमीटर ब्रेकला शक्यतो पाय न लावता चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकं एकाच जागी मोजा. चकचकीत डिस्कवर (पॅड जिला दाबतात ती चकती) हे यंत्र कमी आकडा दाखवतं, त्यामुळे एकट्या आकड्यावर जाऊ नका. डाव्या-उजव्यातला फरक बघा. एक चाक 60 अंश आणि जोडीचं 140, तर दोषी सापडलं. डिस्कपेक्षा हब (चाकाचा मधला भाग) जास्त तापलाय आणि वेगाबरोबर घुंई वाढतेय, तर बेअरिंग बघा.

पुढचं काम गाडी गरम असतानाच, कारण थंड झाल्यावर अनेकदा चाक सुटतं, म्हणजे मोकळं फिरू लागतं, आणि मग काहीच सापडत नाही. हातमोजे, चष्मा घाला. बाकीच्या चाकांना ठोकळे लावा, जॅकवर चढवून खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर काम नाही. मागचं चाक तपासायचं असेल तर हँडब्रेक सोडा.

पेडल दोन-तीनदा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. हलकं घासलं तर चालतं. जड असेल तर कॅलिपरवरच्या (पॅड दाबणारा भाग) निपलला, म्हणजे हवा काढायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तो पाऊण फेरा सोडा. सगळं निदान इथेच आहे.

ब्रेक ऑइल उडालं आणि चाक सुटलं, तर आत दाब अडकलाय, कॅलिपर निर्दोष. निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबा आणि आता लोखंडी पाइप रबरी होजला मिळतो तो जोड सैल करा. इथे चाक सुटलं तर दोष त्याच्या मागे, मास्टर सिलिंडरच्या (पेडलजवळचा, ऑइलला दाब देणारा भाग) बाजूला. नाही सुटलं, पण निपलवर सुटतं, तर होज आतून फुगून बंद झालाय. बाहेरून तो नवाकोरा दिसतो, म्हणूनच फसवतो. सगळीच चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे (पायाचा जोर वाढवणारा डबा) दोन नट दोन-तीन फेरे सैल करा. ब्रेक सुटला, तर पुशरॉडला (पेडलचा जोर आत ढकलणारी दांडी) मोकळीक नाही; परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं आणि तापून फुगलेलं ऑइल स्वतःच ब्रेक लावतं. ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडलं असेल तरी रबर फुगून हेच होतं. मग सगळे सील, होज बदलावे लागतात, फ्लशिंगने भागत नाही.

निपल सोडूनही चाक जड, तर जाम यांत्रिक. स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) हाताने सरकल्या पाहिजेत. इगतपुरीकडच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीत पिनवरच्या फाटक्या रबरी बुटातून पाणी शिरून त्या गंजतात. साफ करून सिलिकॉन ब्रेक ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिन ठीक असतील तर पिस्टन मागे दाबून बघा. गंजाचे खड्डे असतील तर कॅलिपर बदला. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये बहुतेकदा हँडब्रेकची केबल अडकलेली असते.

निपल किंवा जोड उघडला म्हणजे हवा काढणं आलंच. त्याच वेळी सगळं ऑइल बदला: नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, पाणी शोषलेल्याचा 155 पर्यंत उतरू शकतो.