मेलमध्ये 'स्पिफ' आलंय? आधी हे बघा

शोरूममध्ये नवीन लागलेल्या एका पोराने परवा विचारलं, दादा मेलमध्ये स्पिफ लिहिलंय, म्हणजे इन्सेंटिव्हच ना? हो, पण एका ठरावीक मॉडेलपुरतं. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत हा फोन विकला की नगामागे इतके रुपये सेल्समनच्या हातात. कमिशन एकूण विक्रीवर असतं, हे तसं नाही, आणि बऱ्याचदा पैसे दुकानाचा मालक नाही तर माल बनवणारी कंपनी देते.

नेटवर याचा फुलफॉर्म मिळतो, सेल्स परफॉर्मन्स इन्सेंटिव्ह फंड. तो मागून चिकटवलेला आहे. लंडनच्या जॉन कॅम्डेन हॉटनने १८५९ साली काढलेल्या स्लँगच्या डिक्शनरीत 'स्पिफ्स' आहेच, आणि अर्थ काय तर जुन्या फॅशनचा, कोणी घेत नाही असा माल खपवला की कापडवाले आपल्या पोऱ्यांना जे टक्के द्यायचे ते. म्हणजे लक्ष्मी रोडला गादीवरचा माणूस मागच्या दिवाळीची साडी फर्रकन उलगडून "ताई, हा रंग परत येणार नाही" म्हणतो ना, अगदी तोच सीन, फक्त लंडनमधला.

आता मेल नीट वाचा. सगळ्यात आधी तारीख कुठली धरणार ते, बिलाची का ॲक्टिव्हेशनची, म्हणजे गिऱ्हाईकाने फोन पहिल्यांदा चालू केल्याची. माझे यातच बुडाले. पाडव्याच्या आधी ७ फोन विकले, नगामागे २५० होते, आणि लोकांनी डबे घरी नेऊन देवापुढे ठेवले, उघडले थेट पाडव्याला, तोवर स्कीम संपलेली, धरायचे ॲक्टिव्हेशन, मग काय, १७५० गेले. मॅनेजर म्हणाला मेलमध्ये लिहिलं होतं. लिहिलं होतंच, खाली, बारीक अक्षरात.

मग आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा नंबर, कोण अपलोड करणार ते विचारा, तुम्ही का स्टोअरवाले, आणि केल्यावर स्क्रीनशॉट ठेवा. फोन परत आला तर पैसे कापतात का तेही. गिफ्ट व्हाउचर मिळालं म्हणून टॅक्स सुटत नाही हं, ती पण कमाईच.

आणि गिऱ्हाईक म्हणून गेलात, सेल्समन तिसऱ्यांदा त्याच मॉडेलकडे वळवायला लागला, तर सरळ विचारा यावर तुला काही आहे का. रागावत नाही कोणी. असेल तर कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास मागून घ्या, मी माझ्या स्पिफमधून कितीदा दिलंय.