लेस्टर यांच्या रीतीने घरगुती व्यक्तिचित्र कसे रंगवावे

हार्लेमच्या चित्रकार यूडिथ लेस्टर (१६०९–१६६०) यांचे सुमारे १६३० सालचे, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये असलेले आत्मचित्र आधी नीट पाहावे : हातातले काम अर्ध्यावर थांबवून त्या खुर्चीतून वळून आपल्याकडे पाहतात, ओठ विलगलेले आहेत आणि डाव्या हातात रंगपाटीसोबत ब्रशांची जुडी आहे.

हीच रीत जळगावकडे हिवाळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरिताची वांगी भाजणाऱ्या आजींसाठी वापरता येते. त्यांना मुद्दाम समोर बसवू नये. चित्र तिथेच मरते. वांगे उलटताना हाक मारावी आणि मान वळते त्या क्षणाचे कोळशाने झटपट रेखाटन करावे. जाळाचा उजेड खालून येत असल्याने हनुवटी उजळते आणि सावल्या वर चढतात, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पार्श्वभूमी करडी व मोकळी ठेवावी. लुगड्याच्या काठावर फटकारे सुटेच दिसू द्यावेत. एखादा भाग बदलावासा वाटल्यास खुशाल बदलावा, कारण लेस्टर यांनीही त्या आत्मचित्रातल्या इझलवरील (चित्र टेकवण्याच्या घोडीवरील) चित्रात आधी स्त्रीचा चेहरा काढून नंतर त्यावर हसरा व्हायोलिनवादक रंगवला.

सही मात्र विसरू नये : लेस्टर यांची कित्येक चित्रे १८९३ पर्यंत हार्लेमचेच चित्रकार फ्रान्स हाल्स यांच्या नावावर खपत होती.