आरव्हीत नेटवर्क मिळत नाही? बूस्टर घेण्याआधी या चुका टाळा

मेमोरियल डेच्या सुट्टीला आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायची, यलोस्टोन नॅशनल पार्क गाठायचं आणि रात्री जेवणं झाली की भारतात आईला व्हिडिओ कॉल लावायचा, असा बेत अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत शिजतो. मग कोणीतरी विचारतं, "बूस्टर कुठला घेऊ?" बूस्टर म्हणजे बाहेरच्या अँटेनाने पकडलेला मोबाइलचा सिग्नल वाढवून गाडीच्या आत सोडणारं यंत्र. चारपाचशे डॉलर घालवण्याआधी आपलं दुखणं नेमकं काय आहे ते तरी बघा.

दांड्यांवर विश्वास ठेवणं

फोनवरच्या दांड्या प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने दाखवते. खरा आकडा डीबीएम या सिग्नल मोजायच्या एककात असतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर तो सेटिंग्जमध्ये, अबाउट फोनखालच्या सिम स्टेटसमध्ये सापडतो. आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे ९०च्या आसपास असेल तर सिग्नल चांगला, उणे ११०च्या खाली गेला तर कमजोर, आणि उणे १२० म्हणजे कॉल लागला तरी नशीब.

हा आकडा गाडीच्या आत एकदा आणि बाहेर उभं राहून एकदा बघा. बाहेर बराच बरा दिसला, तर दोष गाडीच्या भिंतींचा. एअरस्ट्रीमसारख्या अॅल्युमिनियमच्या गाडीत हे हमखास होतं. अशा वेळी फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉट चालू केला तरी पुष्कळदा भागतं, तेही फुकटात.

आकडा झकास आहे पण पान उघडत नाही, असं असेल तर ती टॉवरवरची गर्दी. सुट्टीच्या दिवशी सगळा कॅम्पग्राउंड एकाच टॉवरला लटकलेला असतो. त्यात स्वस्तातला प्रीपेड प्लॅन असला तर गर्दीत तुमचा डेटा बहुधा मागच्या रांगेत. इथे कुठलाही बूस्टर कामाचा नाही. दुसऱ्या नेटवर्कचं ई-सिम घ्या, नाहीतर पहाटे उठून कामं उरका.

बूस्टरकडून चमत्काराची अपेक्षा

बूस्टर सिग्नल तयार करत नाही, असलेला वाढवतो. शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच. यलोस्टोनमध्ये ओल्ड फेथफुल, मॅमथ अशा ठरावीक वस्त्यांच्या आसपासच नेटवर्क मिळतं. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक सोडून थोडं पुढे गेलात की फोन गप्प. तिथे बूस्टर नुसता छपरावरचा दागिना.

एफसीसी या अमेरिकेतल्या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांमुळे चालत्या गाडीतल्या बूस्टरला साधारण ५० डीबीपर्यंतच (डेसिबल) वाढ देता येते. गाडी उभी असताना वापरायचे बूस्टर ६५ डीबी किंवा त्याहून थोडे जास्त देतात, पण त्यांचा अँटेना खांबावर चढवावा लागतो. चालत्या गाडीसाठीचा बूस्टर घेऊन मागच्या बेडरूमपर्यंत रेंज येईल असं समजू नका. आतल्या अँटेनापासून हातभर अंतरावर फोन धरावा लागतो.

टी-मोबाइलवाल्यांनी आणखी एक बघावं. त्यांचा ६०० मेगाहर्ट्झचा लांब पल्ल्याचा बँड आणि २.५ गिगाहर्ट्झचा फाइव्ह-जी हे दोन्ही बाजारातले नेहमीचे बूस्टर पकडत नाहीत. खोक्यावर 'सर्व कंपन्यांसाठी' छापलेलं असतं, ते अर्धसत्य.

आणि सिग्नल आधीच बरा असेल तर बूस्टर बंद ठेवा. आजचे फोन एकाच वेळी अनेक अँटेनांतून डेटा ओढतात. बूस्टर बहुधा ते सगळं एकाच वाटेने आत सोडतो आणि वेग उलट घटतो. चालू आणि बंद, दोन्ही करून स्पीड टेस्ट घ्या.

अँटेना चुकीच्या जागी

बाहेरचा आणि आतला अँटेना फार जवळ आले की माइक आणि स्पीकर समोरासमोर धरल्यासारखं होतं. बूस्टर स्वतःचाच आवाज ऐकतो आणि वाढ कमी करतो किंवा चक्क बंद पडतो. दिवा लाल झाला की अनेकजण मशीन परत करून मोकळे होतात. आधी अंतर वाढवून बघा. छपरावरच्या एसीच्या आड अँटेना दडवू नका. एकाच दिशेचा सिग्नल पकडणारा (डायरेक्शनल) अँटेना असेल तर सेलमॅपर या टॉवर दाखवणाऱ्या नकाशावर टॉवर शोधून तिकडे तोंड करा. केबल लागेल तेवढीच ठेवा, लांबीत सिग्नल झिजतो. बूस्टर आपल्या फोन कंपनीकडे नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. तोच बूस्टर पुढे भारतात आणायचा विचार असेल तर सोडून द्या. भारतात परवान्याशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहे.

निघाल्यावर जागं होणं

गुगल मॅपचा तो भाग घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या. कॅम्पेंडियम या कॅम्पग्राउंडच्या रिव्ह्यू साइटवर आधी राहून गेलेले लोक कुठल्या कंपनीचं नेटवर्क आलं ते लिहितात. कंपनीच्या गुलाबी नकाशापेक्षा ते खरं. रेंज नसलेल्या जागी फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते.

कमजोर सिग्नलवर कॉलपेक्षा मेसेज लवकर जातो. ९११ या अमेरिकेतल्या आपत्कालीन नंबरला फोन करताना आपलं नेटवर्क नसलं तरी त्या जागी पोहोचणारं दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क फोन वापरतो, म्हणून 'नो सर्व्हिस' दिसलं तरी लावून बघा. आयफोन १४ किंवा त्यापुढचा असेल तर अमेरिकेत उपग्रहावरून एसओएस, म्हणजे मदतीचा संदेश, पाठवता येतो, मात्र डोक्यावर मोकळं आकाश हवं. रेडवूडच्या गर्द झाडीत ते अवघड जातं. सेटिंग्जमध्ये त्याचा डेमो आहे. तो सहलीला येणाऱ्या सगळ्यांनी घरच्या अंगणात एकदा करून बघा.