कोजागिरी झाली की गिझर उघडायचा

पुण्याच्या थंडीचा आकडा येतो शिवाजीनगरहून. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून तो चौक अजून 'सिमला ऑफिस'. १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर उतरला होता; आता दहाच्या खाली गेला तरी पेपरात बातमी होते आणि त्याच दुपारी ऊन टोचतं. आपली थंडी पहाटेची, बाथरूममधली. त्यामुळे घर तापवायची तयारी म्हणजे मुख्यतः पाणी तापवायची तयारी, आणि ती दिवाळीच्या आत उरकायची. नंतर इलेक्ट्रिशियन 'उद्या येतो' म्हणतो. त्याचा उद्या संक्रांतीला उजाडतो.

सुरुवात गिझरपासून. गेल्या डिसेंबरात घरात पाहुणे आणि सकाळी सहाला आमचा गिझर गेला. चार दिवसांनी दुरुस्तीवाला मुलगा आला, त्याने खालचं झाकण उघडलं, कॉइल बाहेर ओढली आणि माझ्यासमोर धरली. बोटाएवढ्या जाडीचं पांढरं कवच, तुटक्या खडूसारखं. शेजारी मॅग्नेशियमचा रॉड होता, त्याची नुसती तार उरलेली. "काकू, पाणी कुठे तापतंय, चुना तापतोय." बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असेल तर हे होणारच. हा रॉड स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो, म्हणून तो दरवर्षी बघायचा आणि झिजला असेल तर बदलायचा. त्याच खेपेला क्षार खरवडून घ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे का ते बघा, अर्थिंग तपासून घ्या. ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबल्यावर वीज तुटली पाहिजे. तुटली नाही तर आधी तो बदला, आंघोळ नंतर.

सोसायटीत सोलर असेल तर एकदा गच्चीवर जाऊन या. पावसाळ्यानंतर नळ्यांवर मातीचा थर बसलेला असतो, तो सकाळी लवकर धुवायचा. टाकी रिकामी राहून नळ्या उन्हात कोरड्या तापल्या असतील तर दुपारी गार पाणी सोडू नका, काच तडकते. सावलीही बघा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भर दुपारीही जेमतेम ४८ अंशांवर. आमच्या दक्षिणेला रिडेव्हलपमेंटचे अकरा मजले उभे राहिले. उन्हाळ्यात काही जाणवलं नाही, थंडीत पाणी कोमट. मग मीटिंगमध्ये भांडण, आणि शेवटी टाकीतली बॅकअप कॉइल चालू करायचा ठराव.

गॅस गिझरबद्दल मात्र मी हट्टी आहे. तो ड्राय बाल्कनीत, उघड्या हवेत हवा, बाथरूममध्ये नाहीच. हवा कमी पडली की ज्वाळेतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं आणि आत पाणी वाहत असतानाच माणूस कोसळतो. थंडीत नेमका हाच घोळ होतो: वारा येतो म्हणून कोणीतरी खिडकीच्या पट्ट्यांवर पुठ्ठा लावतं. तो पुठ्ठा आजच काढा. ज्वाळा निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर दुरुस्तीशिवाय वापरायचा नाही. सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला असेल तर जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोटी, बदललाय ना, हे विचारा. सेलही नवे घाला, नाहीतर डोक्याला साबण लागला की ठिणगी बंद.

खोलीतल्या हीटरची पुण्यात फारशी गरज नाही, असं माझं मत. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर आत तेल भरलेला विजेचा घ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको, आणि पडद्यापासून तीन फूट लांब ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नाही. तिच्यातूनही तोच वायू निघतो. सरकत्या खिडक्यांचे ब्रश झडले असतील तर बदला, स्वस्तात काम होतं. गोधड्या आणि रजया दोन दिवस कडक उन्हात टाका, डांबरगोळ्यांचा वास गेल्याशिवाय कोणाच्या अंगावर घालू नका.

आणि आंघोळीचे नंबर आधी लावा. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर २० अंशांचं पाणी ५० वर न्यायला साधारण १६ मिनिटं घेतो. आमच्याकडे पहिला नंबर सासूबाईंचा. त्यांना अजून तांबट आळीतल्या बंबाचं पाणीच खरं वाटतं. तो बंब हॉलमध्ये मनीप्लांट घेऊन उभा आहे, दिवाळीआधी तोही चिंचेने घासायचाय.