गर्भातल्या अ‍ॅड्रिनलचा नमुना आणायला निघण्याआधी

शेळी-मेंढीच्या गर्भातली अ‍ॅड्रिनल, म्हणजे मूत्रपिंडाजवळची ग्रंथी, काढून तिचे काप अँटिबॉडीने रंगवायचे आहेत. त्यासाठी सगळ्यात आधी मोजपट्टी आणि दोरा. फॉर्मॅलिन, चिमटे, बर्फाची पेटी, सगळ्याच्या आधी. गर्भ हातात आला की डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल, पाठीच्या बाकावरून दोरा धरून मोजायची आणि तिथल्या तिथे लिहायची. पोट उघडण्याआधी. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं, आणि उत्तम रंगलेल्या स्लाइड्सवरून एक ओळही लिहिता आली नाही.

कारण लांबीवरून गर्भाचं वय काढता येतं, आणि या ग्रंथीत वयाशिवाय कशालाच अर्थ नाही. मेंढीचा गर्भकाळ साधारण १४७ दिवसांचा. कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवायला लागणारं सीवायपी-१७ हे एन्झाइम गर्भाच्या कॉर्टेक्समध्ये (ग्रंथीच्या बाहेरच्या थरात) मधल्या काळात फार खाली जातं आणि विण्याच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात पुन्हा चढतं. त्या वाढलेल्या कॉर्टिसॉलमुळेच मेंढी विते. तेव्हा ११० दिवसांच्या गर्भाची सीवायपी-१७ साठी रंगवलेली स्लाइड फिकी आली तर तो निकाल असू शकतो. १४५ दिवसांच्या गर्भाची तशीच आली तर कुठेतरी बिघडलंय. लांबी लिहिलेली नसेल तर या दोन स्लाइड्स वेगळ्या ओळखणार कशा?

नमुने कुठून आणायचे तेही आधी ठरवा. पुण्यात कोंढव्याच्या कत्तलखान्यात विचारून पाहा, असं कुणीतरी सुचवतंच. कत्तलखान्यांच्या २००१ च्या नियमांप्रमाणे गाभण जनावर कापता येत नाही, त्यामुळे तो विषय सोडा. सासवड-शिरूरकडे गाभण शेळी-मेंढी दगावली की शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्यकांना आधीच सांगून ठेवलेलं असावं, मालकाची लेखी संमती आणि संस्थेच्या नीतिसमितीचा कागद हातात असावा. गर्भपाताची केस असेल तर ब्रुसेलोसिसची (जनावरांकडून माणसाला होणाऱ्या संसर्गाची) शक्यता धरूनच चाला. दुहेरी हातमोजे, मास्क, चष्मा. गरोदर सहकाऱ्यांनी या कामाला हात लावू नये, आणि यात भीड बाळगू नका.

मृत्यूची वेळ मालकाला विचारून लिहा. मेडुला (ग्रंथीचा आतला गाभा) लवकर सडते, आणि एप्रिलच्या उन्हात दिवे घाट उतरून हडपसरच्या गर्दीत अडकलात तर बर्फही तिला वाचवणार नाही. म्हणून फॉर्मॅलिन सोबत न्या आणि तिथेच टाका: न्यूट्रल बफर्ड, १० टक्के, ग्रंथीच्या किमान दहापट. एक दिवस पुरे. डायक्रोमेट असलेलं फिक्सेटिव्ह (ऊती टिकवणारं द्रावण) वापरू नका. त्याने मेडुला आपोआप तपकिरी होते, आणि अँटिबॉडी कुठे चिकटली ते दाखवणाऱ्या डीएबी या रसायनाचा रंगही तपकिरीच. बाटलीत कागदाची चिठ्ठी टाका, पेन्सिलीने लिहिलेली, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये जाते. चिठ्ठीवर जात, लिंग, डावी की उजवी, आणि लांबी. लांबी लिहिली का? ग्रंथी काढून झाल्यावर मोजू म्हणाल तर शव पुरलेलं असेल.

अँटिबॉडी निघण्याच्या आधीच मागवून ठेवा, यायला वेळ लागतो. कॉर्टेक्ससाठी एसएफ-१ या प्रथिनाची, जे पेशीच्या केंद्रकात दिसतं, आणि सीवायपी-१७ ची. मेडुलासाठी टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमची. जोडी हवीच. मेडुलाच्या पेशी न्यूरल क्रेस्टमधून (भ्रूणातल्या चेतासंस्थेच्या कडेच्या पेशींमधून) येतात आणि लहान गर्भात कॉर्टेक्सच्या आत बेटांसारख्या विखुरलेल्या असतात. एकाच मार्करवर भिस्त ठेवलीत तर सीमा कुठे आहे ते कळणार नाही. पैसे उरले तर पीएनएमटी या एन्झाइमचीही घ्या. अ‍ॅड्रिनलिन बनवणाऱ्या पेशी तेवढ्या त्याने रंगतात, आणि कॉर्टेक्सचं कॉर्टिसॉल मेडुलावर काय करतं ते त्यात दिसतं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त ओढ त्याचीच आहे.

शेळीत तयार केलेली प्रायमरी (ऊतीतल्या प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटिबॉडी) शेळी-मेंढीच्या ऊतीवर वापरू नका. गर्भात स्वतःची प्रतिपिंडं कमी असतात म्हणून तिथे एखादवेळ निभावेल, पण प्रौढ शेळीच्या कंट्रोल स्लाइडवर सेकंडरी (पहिलीला ओळखणारी दुसरी अँटिबॉडी) सगळीकडे चिकटेल. प्रौढाची ती कंट्रोल स्लाइड मात्र हवीच. अ‍ॅड्रिनल कॉर्टेक्समध्ये स्वतःचं बायोटिन भरपूर असतं, म्हणून बायोटिनला चिकटून रंग देणारा अ‍ॅव्हिडिन-बायोटिनचा किट नको, पॉलिमरचा घ्या.

पुढचं नेहमीचंच. पॉलीलायसिनच्या स्लाइड्स, सायट्रेट बफर पीएच ६, पेरॉक्साइड ब्लॉक, प्रायमरी न घातलेली एक स्लाइड. फोटोवर स्केल बार, फाइलच्या नावात सीआरएल. उरलेलं डीएबी सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.