वांग्यावर बोटाएवढी अळी दिसली, तर आधी पंप खाली ठेवा

कपाशीवर फवारून पंपात उरलेलं औषध सांदवाडीत (घराजवळच्या परसबागेत) मारू नका. भाद्रपदात दरवर्षी हेच होतं. वांग्यावर किंवा तिळावर बोटापेक्षा जाड, शेपटीला वाकडं शिंग असलेली अळी दिसते. घरचे घाबरतात, हाताशी असेल ते औषध झाडावर जातं आणि चार दिवसांनी तीच वांगी ताटात येतात.

ही कवटी पतंगाची अळी. पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते, धरला तर चीं चीं करतो. त्यात अपशकुन काही नाही. अळी हिरवी, पिवळी किंवा तपकिरी, अंगावर तिरपे पट्टे, वाढली की चार-पाच इंच. शिंग डंख मारत नाही.

रंग पानासारखाच, म्हणून अळी आधी दिसत नाही. झाडाखाली मिऱ्याएवढ्या काळसर लेंड्या शोधा. ताज्या असतील तर सरळ वर पाहा. मादी अंडी एकेक, सुटी घालते, त्यामुळे वाडीत अळ्या सहसा दोन-चारच निघतात. तेवढ्यासाठी फवारणी कशाला? फांदीसकट कापा, साबणाच्या पाण्यात टाका. पाठीवर तांदळासारखे पांढरे कोष चिकटलेले असतील तर ती अळी राहू द्या. त्यातून निघणाऱ्या बारीक गांधीलमाश्या पुढच्या अळ्या मारतात.

शेवग्यावरच्या केसाळ अळीला मात्र हात लावू नका, अंगाला खाज सुटते.

बारीक अळ्या जास्तच दिसल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क: ५०० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यानं गाळा, पाणी १० लिटर करा, २० ग्रॅम साबणचुरा घाला, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. पाऊस उघडला की रोज झाडं पाहा.

दुकानदार ‘एकात दोन’ (दोन कीटकनाशकं एकत्र) म्हणून महागडी बाटली देईल. घेऊ नका. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला तर भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त जीव गेले. ते शेतात झालं. सांदवाडीत तर लेकरं खेळतात.

बाकी कामं:
- तण काढणे
- वेलांना मांडव
- पाणी साचू न देणे
- तीळ निघाल्यावर खोल नांगरट (मातीतले या अळीचे कोष उघडे पडतात)

वाडीसाठी एक लिटरचा हातफवारा वेगळा ठेवा, त्यात कपाशीचं औषध कधीच भरू नका. आधीच कपाशीचं औषध मारलं असेल तर झाडावरची फळं तोडून खड्ड्यात पुरा. शेळीलाही घालू नका.