कुत्र्याच्या नखांचा रंग बदलला? या चुका टाळा

खानापूरकडची तांबडी माती असो की चिकोडी-अथणीकडची काळी, पावसाळ्यात ती कुत्र्याच्या नखांवर अशी बसते की घरच्यांना नखाचा मूळ रंगच आठवत नाही. म्हणून पंजा न धुताच निष्कर्ष काढण्याची चूक आधी टाळावी. कोमट पाण्याने पंजा धुऊन, पांढऱ्या कापडाने पुसून, नख दिवसाच्या उजेडात पाहावे. हळद, बेटाडीन किंवा पोटॅशियम परमँगनेट लावले असेल, तर त्याचेही डाग राहतात.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे फक्त रंगाकडे पाहणे. रंग कोणता, यापेक्षा तो किती नखांवर आहे आणि मुळाशी आहे की टोकाशी, हे अधिक महत्त्वाचे आहे. नखाचा काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. एकाच पंजावर काळी आणि पांढरी नखे असणे किंवा पिल्लाची फिकट नखे वाढीच्या वयात काळी होणे, यात काळजीचे काही नाही. पांढऱ्या नखाच्या आत दिसणारा गुलाबी भाग हा रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. ती जखम नव्हे.

अनेक नखे मुळाशी तांबूस-तपकिरी दिसत असतील, तर कुत्रा पंजे सतत चाटतो का, ते पाहावे. लाळेतील पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे असा डाग पडतो. मात्र नखाच्या बुडाशी तपकिरी, मेणचट थर जमला असेल, बोटांच्या बेचक्यात लाली असेल आणि पंजाला आंबूस वास येत असेल, तर मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा (एक प्रकारच्या बुरशीचा) संसर्ग असण्याची शक्यता मोठी असते. या चाटण्यामागे बऱ्याचदा ॲलर्जी असते आणि ती शोधली नाही, तर मलम लावून तात्पुरते बरे वाटले तरी त्रास पुन्हा उद्भवतो. अशा पंजांना रॉकेल किंवा जुने इंजिन ऑईल चोपडणे हा उपाय नाही, ती इजा आहे: त्वचा पोळते आणि चाटल्यावर ते विष पोटात जाते. मुक्या जनावरावर असे प्रयोग कृपया करू नयेत.

एकच नख जांभळट-काळे झाले असेल, तर बहुधा दारात सापडून किंवा दगडावर आपटून आत रक्त साकळलेले असते. नख वाढते तसा तो डाग टोकाकडे सरकतो. डाग सरकत नसेल, बोट सुजले असेल, नख वाकडे होऊन गळून पडले असेल किंवा कुत्रा लंगडत असेल, तर ‘नवे नख येईल’ म्हणून थांबू नये. नखाखाली मेलॅनोमा किंवा स्क्वेमस सेल कार्सिनोमा हे कर्करोग होऊ शकतात आणि काळ्या रंगाच्या, मोठ्या आकाराच्या कुत्र्यांमध्ये ते अधिक आढळतात. जखम समजून नुसती अँटिबायोटिक देत राहिल्यास मोलाचा वेळ जातो. त्या बोटाचा एक्स-रे आणि ऊतीची तपासणी करून घ्यावी.

याउलट, एकाहून अधिक पंजांची नखे काही आठवड्यांत सैल होऊन निघू लागली, तर रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित विकाराची शंका घ्यावी. जर्मन शेफर्डमध्ये हा तुलनेने जास्त दिसतो आणि त्याचे उपचार कित्येक महिने चालतात.

वेदना होते म्हणून घरातली माणसांची आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नये. ती कुत्र्यांना विषारी ठरते. जनावरांच्या दवाखान्यात नेण्याच्या दिवशी मात्र पंजा धुऊ नये आणि त्यावर काही लावूही नये, कारण नखाच्या बुडाशी साचलेल्या थराचा नमुना डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा असतो.